लीला आणि लिलाव

ज्याला काहीही मिळवावयाचे उरलेले नाही आणि ज्याची प्रत्येक कामना आधीच पुरलेली आहे, अशा ईश्वराने हे विश्व निर्माण करण्याचा खटाटोप कशासाठी करावा, असा आक्षेप ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात घेतलेला आहे. आणि बादरायणांनी त्याला दिलेल्या उत्तराचे सारे मर्म लीला या एका शब्दात सामावलेले आहे. शंकराचार्यांनी त्या सूत्रावर भाष्य करताना दोन दृष्टान्त दिले. सर्व मनोरथ पूर्ण झालेला एखादा राजा कोणत्याही प्रयोजनावाचून क्रीडाविहारात रमतो, हा एक. आणि माणसाचा श्वास-उच्छ्वास कोणतेही बाह्य प्रयोजन मनात न धरता स्वभावतःच चालू असतो, हा दुसरा. लौकिक क्रीडेत बारकाईने पाहिल्यास काहीतरी सूक्ष्म प्रयोजन हाती लागेलही, हे आचार्यांनी स्वतःच मान्य केले आहे, आणि म्हणूनच मला राजाच्या दृष्टान्तापेक्षा श्वासाचा दृष्टान्त नेहमी अधिक खोल वाटत आला आहे.

श्वासाचा आणि खेळाचा हा संबंध आमच्या पिढीला भाष्य वाचण्यापूर्वीच ठाऊक होता, कारण आम्ही हुतूतू खेळत होतो. तुकोबांनी आपल्या गाथेत ज्या खेळांवर अभंग रचले त्यांत हुतूतू आहे, चेंडूफळी आहे, विटीदांडू आहे. हुतूतूत चढाई करणाऱ्या गड्याला वेळेची मर्यादा होती ती त्याच्या दमाची: दम टिकेल तितका वेळ त्याने शत्रूच्या अंगणात राहावे आणि दम सुटण्यापूर्वी मध्यरेषेला हात लावावा. त्याच खेळाच्या, म्हणजे कबड्डीच्या, व्यावसायिक लीगला २०१४ साली प्रारंभ झाला तेव्हा मातीच्या जागी मॅट आली, चढाईला तीस सेकंदांची मर्यादा आली, आणि दम जरी नियमात राहिला तरी पाहणाऱ्याचे डोळे गड्याच्या छातीवरून निघून घड्याळाच्या आकड्यावर गेले. या बदलाने खेळ अधिक वेगवान आणि प्रेक्षणीय झाला, आणि ज्या मुलांना पूर्वी गावच्या स्पर्धेतील ढालीपलीकडे काही मिळत नसे त्यांच्या घरी पक्क्या भिंती उभ्या राहिल्या. हे मी आनंदाने मान्य करतो. तरीही माझ्या मनातला प्रश्न त्याने मिटत नाही. जी क्रिया स्वतःसाठीच होती तीच आता कोणीतरी पाहावे म्हणून होऊ लागली, तर तिच्या आत नेमके काय बदलते? आणि पाहणाऱ्याच्या आत काय बदलते?

दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचा विचार आपल्याकडे फारच थोडा झाला आहे.

१९३४ साली मुंबईच्या जिमखान्यावर ए. एफ. एस. तल्यारखान यांनी क्रिकेटच्या चौरंगी सामन्यांचे धावते वर्णन नभोवाणीवरून केले, तेव्हा आपल्याकडे मैदानावर नसलेला माणूस प्रथमच त्या क्षणी प्रेक्षक झाला. पुढे आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांनी मराठीतून तेच केले, आणि आमच्यासारख्या गावातल्या मुलांना फलंदाज, गोलंदाज, यष्टिरक्षक हे शब्द स्वतःच्या घरातल्या शब्दांसारखे वाटू लागले. पानपट्टीच्या दुकानात लावलेला एकच रेडिओ आणि भोवती उभी असलेली वीस-पंचवीस माणसे, त्यांत कुलकर्णी तलाठी असत, सायकल दुरुस्त करणारे अब्दुलचाचा असत, आणि वाटेने जाणारा अगदी अनोळखी मनुष्यही “किती झाले हो?” एवढेच विचारून त्या वर्तुळात सामील होई. आमचे लक्ष तेथे एकवटलेले असे, परंतु त्या लक्षाची मोजदाद करून ते तिसऱ्याच कोणाच्या तरी खतावणीत जमा करावे, असे कोणाच्या मनातही येत नव्हते.

प्रसिद्धीला सरसकट दोष देणे मात्र अन्यायाचे होईल, आणि हे मला पळवणकर बाळूंच्या चरित्राने शिकवले. चर्मकार समाजातला हा डावखुरा गोलंदाज पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर खेळपट्टीवर रूळ फिरवीत असे आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकीत असे. तो हिंदूंच्या संघात आला तेव्हा त्याला चहा मिळे तो मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या पात्रात. १९११ सालच्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. ही संख्या तारेने येऊन वर्तमानपत्रांत छापली गेली, आणि मंडपात जे झाकून ठेवता येत होते ते छापील स्तंभात झाकता आले नाही. बाळूला कर्णधारपद कधीच मिळाले नाही. ते १९२३ साली त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळाले, आणि त्यामागे मैदानावरील पराक्रमाइतकेच लोकमताचे दडपण होते. म्हणजे हजारो डोळ्यांनी पाहणे हीसुद्धा एक नैतिक शक्ती आहे. ती साक्ष आहे. आणि ज्याला समाजाने साक्ष नाकारली त्याला ती मिळणे म्हणजे न्यायाचा आरंभ आहे.

परंतु साक्ष आणि मक्ता या दोन भिन्न वस्तू आहेत. १९७६ साली ऑस्ट्रेलियात केरी पॅकर यांनी आपल्या वाहिनीसाठी सामन्यांच्या प्रक्षेपणाचे हक्क मागितले आणि तेथील मंडळाने ते नाकारले, तेव्हा त्यांनी खेळाडूच करारबद्ध करून स्वतःचे सामने उभे केले, आणि त्यातून रात्रीच्या प्रकाशातला खेळ, रंगीत पोशाख आणि पांढरा चेंडू हे सारे पुढे आले. आपल्याकडे तर एके काळी सामना दाखवावा म्हणून दूरदर्शनच उलट आयोजकांकडे पैसे मागत असे. १९९३ साली हीरो चषकाच्या वेळी बंगालच्या क्रिकेट संघटनेने प्रक्षेपणाचे हक्क एका परदेशी कंपनीस दिले, सरकारशी तंटा झाला, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी न्यायालयाने निकाल दिला. मुख्य निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती पी. बी. सावंत मराठी होते, याचा मला अभिमान वाटतो. कारण रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिच्यावर ना सरकारचा इजारा ना धनिकाचा, असा या निकालाचा आशय होता. आकाश कोणाचे, या प्रश्नाचा इतका स्पष्ट निवाडा आपल्या दप्तरात दुसरा नसावा.

मात्र आकाशाखाली बसून वर पाहणाऱ्याचे लक्ष कोणाचे, हा प्रश्न त्या दाव्यात नव्हताच.

त्याचे उत्तर २०२२ च्या जून महिन्यात व्यवहाराने देऊन टाकले. इंडियन प्रीमियर लीगच्या पाच हंगामांचे प्रक्षेपण-हक्क तीन दिवस चाललेल्या लिलावात ४८,३९० कोटी रुपयांना गेले. ४१० सामन्यांवर ही रक्कम विभागली तर एका सामन्याला सुमारे ११८ कोटी पडतात, आणि दोन्ही डावांची वीस-वीस षटके पूर्ण झाली असे धरले तर एका चेंडूला जवळजवळ अर्धा कोटी. हिशेबाची वही मिटून मी स्वतःला विचारले, की या रकमेच्या मोबदल्यात घेणाऱ्याच्या हाती काय पडले? चेंडू नव्हे, बॅट नव्हे, मैदान नव्हे. खेळाडूंचा लिलाव तर वेगळाच होतो. त्याने विकत घेतले ते कोट्यवधी माणसांचे संध्याकाळचे साडेतीन तास, आणि तेही पुढे सेकंदांच्या हिशेबाने जाहिरातदारांना विकण्यासाठी. प्रत्येक डावात दोनदा अडीच-अडीच मिनिटे खेळ थांबवण्याचा जो नियम आहे, तो डावपेच ठरवण्यासाठी आहे असे म्हणतात, आणि खेळाडू त्या वेळी डावपेच ठरवीतही असतील. परंतु घरी बसलेला माणूस त्या अडीच मिनिटांत काय पाहतो, हे सर्वांना ठाऊक आहे. लिलाव हा शब्द पोर्तुगीजांबरोबर कोकणगोव्याच्या किनाऱ्यावरून मराठीत आला आणि लीला हा शब्द संस्कृतातून. दोघांचे गोत्र वेगळे आहे, आणि मला तो भेद जपून ठेवण्यासारखा वाटतो.

अवधान हा शब्द ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी येतो, आणि वारकऱ्यांच्या घरात वाढलेल्या माणसाला तो तेथून वेगळा काढता येत नाही. ज्ञानदेव श्रोत्यांकडे अवधान मागतात, ते दिलेत तर सर्व सुखाला पात्र व्हाल अशी ग्वाही देतात, आणि लगेच म्हणतात की हे मी मोठेपणाने बोलत नसून तुमच्यासारखी श्रीमंत माहेरे लाभली म्हणून सलगीने विनवतो आहे. मागणारा समोर उभा आहे; देणाऱ्याला तो माहेर म्हणतो; आणि मागितलेली वस्तू ज्या अर्थाकडे वळवायची आहे तो अर्थही दोघांसमोर उघडा आहे. अवधान हे आपल्या परंपरेत अर्पण करण्याचे द्रव्य आहे, कदाचित सर्वांत निर्मळ द्रव्य, कारण अकिंचनापाशीही ते असते. जे अर्पण करावयाचे ते तिसऱ्याने परस्पर गोळा करून चौथ्याला विकावे, आणि देणाऱ्याला आपण काही दिले याची जाणीवही नसावी, या व्यवहाराला काय म्हणावे? चोरी म्हणता येत नाही, कारण आपण स्वेच्छेने बसलेलो असतो. दान म्हणता येत नाही, कारण संकल्प नाही. माझ्या मते हे धर्मशास्त्राने अद्याप नाव न दिलेले एक ऋण आहे, आणि ते वसूल होते आपल्या चित्ताच्या स्वास्थ्यातून.

यावर एक रास्त आक्षेप आहे, आणि तो मी टाळणार नाही. गड्याला पोट आहे. राजाची लीला राजाला शोभते. महिन्याला काही रुपयांवर रूळ ओढणाऱ्या बाळूला निष्प्रयोजन क्रीडेचे तत्त्वज्ञान सांगणे क्रूरपणाचे ठरले असते. गीतेने फळावरचा अधिकार नाकारला तो आसक्तीच्या संदर्भात; श्रमाचे वेतन बुडवावे असे तिने कोठेही सांगितलेले नाही. म्हणून खेळाडूने पैसे मिळवण्यात मला अधर्म दिसत नाही, आणि पूर्वीच्या हौशी खेळाचे गोडवे गाणाऱ्यांनी तो हौशीपणा कोणाच्या मोकळ्या वेळावर उभा होता हे आधी तपासावे. अधर्म मला दिसतो तो साक्षीच्या जागेवर. वेदान्तात साक्षी म्हणजे केवळ पाहणारा, ज्याला भोगाची वासना नाही. मुंडकोपनिषदात एकाच झाडावरचा एक पक्षी फळ खातो आणि दुसरा नुसता पाहतो, तो हा. न्यायालयातही ज्या साक्षीदाराचा दाव्यात हितसंबंध असतो त्याची साक्ष फार जपून घेतली जाते. आज मात्र ज्या उद्योगसमूहाकडे एका संघाची मालकी आहे त्याच समूहाच्या छत्राखाली २०२४ च्या अखेरीपासून दूरचित्रवाणी आणि इंटरनेट या दोन्ही प्रक्षेपणांचे हक्क एकत्र आले आहेत. यात बेकायदेशीर काही नाही, आणि कोणाच्या सचोटीविषयी मला संशय घ्यावयाचा नाही. परंतु खेळणारा, दाखवणारा आणि वर्णन करणाऱ्याचा पगार देणारा एकाच पेढीचे असले म्हणजे साक्षीला बसायला फांदी कोठली राहिली, हे मला कोणीतरी समजावून सांगावे.

खेळ पडद्यासाठी होऊ लागला म्हणजे काय होते, याचा दाहक प्रत्यय २०१६ च्या एप्रिलमध्ये आला. मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी १२ तारखेला लातूरला पोहोचली. त्या दिवसांत लातूरच्या टाक्यांवर भरणारी माणसांची झुंबड आणि राज्यातल्या क्रिकेटच्या मैदानांवर फिरणारे फवारे ही दोन्ही दृश्ये एकाच पडद्यावर, काही मिनिटांच्या अंतराने, येत होती. मैदान हिरवे का असावे लागते? मातीवर खेळता येत नाही म्हणून नव्हे. आम्ही सारे मातीवरच खेळलो. ते हिरवे असावे लागते कारण पडद्यावर ते हिरवे दिसावे लागते. गाडी पोहोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने इंडियन प्रीमियर लीगचे ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्याचा हुकूम दिला आणि मुंबईत व्हावयाचा अंतिम सामना बंगळुरूला गेला. सामने नेल्याने लातूरच्या हंड्यात एक थेंबही वाढला नाही, असा युक्तिवाद तेव्हा अनेकांनी केला, आणि हिशेबाच्या दृष्टीने तो खोडून काढणे कठीण आहे. मला तो युक्तिवाद तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही. तहानलेल्याच्या देखत पाणी शिंपडू नये, हा हिशेबाचा नव्हे, दृष्टीचा धर्म आहे; पाहणाऱ्याला जे पाहवत नाही ते करू नये, इतकाच त्याचा आधार आहे, आणि तो मला पुरेसा वाटतो.

मागे एका आषाढात मी वाखरीच्या माळावर रिंगणाला उभा होतो. वर्तुळाभोवती टाळकरी, विणेकरी, डोईवर तुळस घेतलेल्या बाया, आणि त्यांच्या मागे उंच लोखंडी मचाणावर वाहिन्यांचे कॅमेरे. वर घरघरणारे एक यंत्रही फिरत होते. पताका घेतलेला स्वार पुढे निघाला आणि त्याच्या पाठोपाठ माउलींचा अश्व, ज्याच्या पाठीवर कोणी बसत नाही, तो सुटला. मचाणावरच्या एका तरुणाला बहुधा ते दृश्य नीट टिपता आले नसावे, कारण तो हात हलवून खाली काहीतरी ओरडत होता. त्याचा आवाज टाळांत बुडाला. अश्व आपली फेरी संपवून गेला होता, आणि माझ्या शेजारची म्हातारी बाई वाकून त्याच्या टापांखालची माती पदरात बांधून घेत होती.