चारी दिशांचा निवारा

अलास्काच्या दक्षिण किनाऱ्यावर हिमनद्यांनी हजारो वर्षे डोंगर कोरून ज्या खोल दऱ्या केल्या, त्यांत समुद्र शिरून उभ्या कड्यांच्या अरुंद खाड्या तयार झाल्या; त्यांना फ्योर्ड म्हणतात. 1980 साली स्थापन झालेल्या केनाई फ्योर्ड्स राष्ट्रीय उद्यानात आणि आग्नेयेकडील टोंगास राष्ट्रीय वनात अशा किनाऱ्यांवर सरकारने लाकडी घरे बांधून ठेवली आहेत. त्यांना 'सार्वजनिक केबिन' म्हणतात, पण कचेरीतल्या केबिनशी त्यांचे नावापलीकडे काही साम्य नाही. बहुतेकांपर्यंत रस्ता जात नाही. होडीने किंवा पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने तेथे पोहोचावे लागते. आत निजायला फळ्या, एक शेगडी आणि टेबल असते, संडास बाहेर असतो, वीज आणि नळ नसतात. आणि रखवालदारही नसतो. निघणाऱ्याने घर झाडून ठेवावे, लाकडाची शेगडी असेल तेथे पुढच्यासाठी सरपण फोडून ठेवावे आणि कोनाड्यातल्या वहीत हवामान, अस्वले, भरती-ओहोटी यांविषयी चार ओळी लिहाव्यात, अशी रीत आहे. रखवालदाराचे काम येथे एकमेकांना कधीही न भेटणाऱ्या माणसांनी आपसात वाटून घेतलेले असते, आणि या व्यवस्थेत विचार करण्याजोगे जे काही आहे ते हेच.

हा विचार मराठी मुलखाला परका नाही. मीरा-भाईंदरमधील पेणकरपाडा हे मुळात पाडा, म्हणजे छोटी वस्ती, असलेले ठिकाण आज दहिसर नाक्याच्या उत्तरेस इमारतींच्या गर्दीत हरवले असले, तरी त्याच्या पूर्वेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर उभे आहेत, आणि त्याच डोंगररांगेत कान्हेरीची शंभरांहून अधिक लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून सुमारे अकराव्या शतकापर्यंत येथे बौद्ध भिक्षूंचा वावर होता. भिक्षूंनी पावसाळ्यात भटकंती थांबवून एके ठिकाणी राहावे असा नियम होता, त्याला वर्षावास म्हणत; खोलीतला दगडी ओटा, पाऊस अंगावर येऊ न देणारी ओसरी आणि दाराशी खडकात खोदलेली पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, ही सगळी रचना त्या गरजेतून आलेली दिसते. डोंगरउतारावरचे पाणी खोदीव पन्हळींनी पोढीत आणलेले आहे. कल्याण आणि सोपारा येथील व्यापाऱ्यांनी लेणी आणि पोढ्या दान केल्या, काहींनी 'अक्षयनीवी' ठेवली, म्हणजे मुद्दल न मोडता केवळ व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांचा खर्च भागावा अशी ठेव. परंतु शिलालेखांतला सर्वांत मोलाचा शब्द 'चातुर्दिश' हा आहे. दान अमुक एका भिक्षूला किंवा अमुक गावच्या मठाला नसून चारी दिशांच्या संघाला, म्हणजे कोणत्याही दिशेने येणाऱ्या, दात्याने कधी न पाहिलेल्या भिक्षूला आहे. सार्वजनिक निवाऱ्याची याहून नेमकी व्याख्या आधुनिक कायद्यालाही सहज करता आलेली नाही. अर्थात या चार दिशा संघापुरत्याच होत्या, हेही नमूद केले पाहिजे. तरी कान्हेरीच्या एका लेण्यात 1009 आणि 1021 या सालांचे पहलवी लिपीतले लेख आहेत, ज्यांत पारशी पाहुण्यांनी आपली नावे आणि भेटीचा दिवस कोरला आहे. त्या भिंतीला केबिनमधील वहीची पूर्वज म्हणता येईल.

पुढे निवाऱ्याच्या दाराशी माणूस उभा राहिला, आणि येणाऱ्याची जात किंवा हुद्दा विचारू लागला. धर्मशाळा पुण्यकर्म म्हणून बांधल्या गेल्या, परंतु त्यांचे दार सर्वांना सारखे उघडे नव्हते. 1917 च्या सुमारास बडोद्यात नोकरीसाठी आलेल्या बाबासाहेब आंबेडकरांनी, हिंदू हॉटेलांत जागा मिळणार नाही हे जाणून, पारशी धर्मशाळेच्या नोंदवहीत पारशी नाव घालून आसरा घेतला, आणि खरे कळताच त्यांना बाहेर पडावे लागले, हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. कान्हेरीत पाहुण्याने आपले खरे नाव भिंतीवर कोरले होते. नऊ शतकांनंतर वहीत खोटे नाव लिहिल्याविना पाठ टेकता येत नव्हती. सीताराम केशव बोले यांनी मांडलेला आणि ऑगस्ट 1923 मध्ये मुंबई कायदे कौन्सिलने संमत केलेला, अस्पृश्यांना सार्वजनिक जागा खुल्या करण्याचा ठराव महाडच्या तळ्यामुळे लक्षात राहिला आहे, पण सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या पाणवठ्यांबरोबर धर्मशाळांचाही त्यात उल्लेख होता, हे बहुधा विसरले जाते. इंग्रजी अमदानीतल्या डाकबंगल्यांत आणि वनखात्याच्या विश्रामगृहांत जातीऐवजी हुद्दा आला. दौऱ्यावरच्या साहेबाचा हक्क पहिला, उरलेल्या खोल्या इतरांना.

अलास्काच्या केबिनला दारात माणूस नाही, म्हणून ती सर्वांची आहे असेही समजू नये. आरक्षणाचे शुल्क द्यावे लागते, होडीचे भाडे त्याहून जड असते, आणि ज्या किनाऱ्याला पाहुणे निर्जन म्हणतात तेथे सुग्पियाक लोक पिढ्यान्‌पिढ्या शिकार आणि मासेमारी करत आले आहेत. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या वारली पाड्यांनाही 'जंगल' या शब्दाने असेच पुसून टाकले जाते. निर्जन हा शब्द सहसा तेथे न राहणाऱ्यांचा असतो. तरीही पैशाची अट आणि जन्माची अट यांत फरक आहे, आणि सरपण फोडून ठेवणाऱ्याला पुढचा कोण हे ठाऊक नसते, हा त्या व्यवस्थेचा खरा गुण आहे. कान्हेरीच्या दात्यांनाही ते ठाऊक नव्हते.

आज कान्हेरीत रात्री कोणालाही राहता येत नाही. पेणकरपाड्याहून लेणी पाहायला निघालेल्याला बोरिवलीच्या प्रवेशद्वाराने आत शिरून सायंकाळपूर्वी परत फिरावे लागते.