दोन ओरेचा शिक्का, पाच पैशांचे तिकीट

आगमनकाळ सुरू झाला की दानपेटीचा विषय निघतोच. त्या निमित्ताने एक प्रश्न आपणा सर्वांपुढे ठेवावासा वाटतो. दान देताना बदल्यात आपल्या हाती काही पडले, तर ते दान राहते का?

हा प्रश्न मदतनिधीची टपाल तिकिटे जमवण्याच्या छंदातून आला आहे. या छंदात डेन्मार्क देशाच्या तिकिटांना मोठा मान. त्या देशाने 1921 साली आपल्या साध्या तिकिटांवर लाल क्रूस छापला आणि रेडक्रॉससाठी जादा रक्कम घेतली. अशा तिकिटावर दोन आकडे असतात. पहिला टपालाचा, दुसरा मदतीचा. पण त्याही आधी तिथे एक वेगळी गोष्ट घडली होती.

कोपनहेगनमध्ये आयनर होलबोल नावाचे टपाल कर्मचारी होते. नाताळात पत्रांचे ढीग हाताळताना त्यांना वाटले, यातील प्रत्येक पाकिटावर एक जादा शिक्का लागला आणि त्याचे पैसे क्षयरोगी मुलांकडे गेले तर? राजे ख्रिस्तियन नववे यांनी परवानगी दिली. 1904 च्या नाताळात राणी लुईझे यांचे चित्र असलेला दोन ओरे किमतीचा शिक्का निघाला. त्यावर पत्र जात नसे, तिकीट वेगळे लावावेच लागे. तरीही सुमारे 25 लाख वस्तीच्या त्या देशात पहिल्याच वर्षी 40 लाखांहून अधिक शिक्के खपले. त्या पैशातून कोल्डिंग शहरी क्षयग्रस्त मुलांसाठी आरोग्यधाम उभे राहिले. क्षय तिथे आटोक्यात आला, पण नाताळचा शिक्का निघतच राहिला. आज त्यावर चालणाऱ्या घरांत एकाकी पडलेली, शाळेत छळली गेलेली मुले राहायला येतात. 2025 च्या डिसेंबरअखेर तिथल्या सरकारी टपालसेवेने पत्रे वाटणेच थांबवले. चारशे वर्षांची सेवा होती ती!

हीच कल्पना आपल्याकडेही आली. भारतीय क्षयरोग संघटना 1950 पासून 2 ऑक्टोबरला टीबी सीलची मोहीम सुरू करत आली आहे. ते चिमुकले रंगीत शिक्के आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत पाहिले असतील. पोरांच्या हाती कागद द्यायचा, पैसे जमवून आणायला सांगायचे आणि शेवटी आईबापांनीच ते सगळे विकत घ्यायचे!

आता, जो केवळ वहीत लावण्यासाठी असा शिक्का घेतो, त्याचे काय? टपाल खिडकीवर त्याने पैसे दिले तेव्हा त्याच्या मनात रोगी मूल नव्हते, वहीतली रिकामी जागा होती. पण मुलाच्या दुधाचे पैसे तर पोहोचले. आमच्या मते यात नाक मुरडण्यासारखे काही नाही. माणसाला सुंदर वस्तूची हौस असते, हे होलबोल यांनी ओळखले होते. मात्र तेच तिकीट पन्नास वर्षांनी व्यापाऱ्याकडून शंभरपट भावाने घेणाऱ्याने स्वतःला दानशूर समजू नये. त्या पैशातला एक छदामही रोग्याकडे जात नाही. हौस आहे, ती हौस म्हणूनच करावी.

याहून अवघड प्रश्न सक्तीचा. 1971 साली पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. त्यांच्यासाठी 15 नोव्हेंबर 1971 पासून टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट बंधनकारक झाले. सुरुवातीला वेळ नव्हता, म्हणून कुटुंबनियोजनाच्या तिकिटावरच निर्वासित मदतीचे शब्द छापले गेले. आपल्या धर्मगुरूंनी ते कोणत्या मनाने चिकटवले असेल, कोण जाणे! 1 डिसेंबरपासून निर्वासित कुटुंबाचे चित्र असलेले नवे तिकीट आले. ही सक्ती 31 मार्च 1973 पर्यंत चालली.

त्याच काळात महाराष्ट्रात 1972 चा दुष्काळ पडला. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. माणसे खडी फोडायला जात होती, परदेशातून आलेली मिलो ज्वारी आणि सुकडी खात होती. त्यांचे कुणी पत्र पाठवले तर बंगालच्या निर्वासितासाठी पाच पैसे मोजत होते. न विचारता घेतलेल्या या पैशाला दान म्हणावे का? काहींच्या मते हा निव्वळ कर. आम्हाला ते पूर्ण पटत नाही. कर म्हणून घेतला खरा, पण तिकिटावरचे ते कुटुंब पाहून ज्याला वाईट वाटले, त्याने तो मनाने दिला. एकाच खिडकीवर दोघे उभे राहतात, दोघांचे पाच पैसे सारखेच जातात. फरक मनातला, आणि तो निर्वासिताला कधी कळत नाही.

ही शेवटची गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. शिक्का देणाऱ्याला घेणारा दिसत नाही आणि घेणाऱ्याला देणारा दिसत नाही. कोल्डिंगच्या मुलाला कुणाचे आभार मानावे लागले नाहीत.

आज क्षयरोग्यासाठी सरकारची निक्षय पोषण योजना आहे. 2018 पासून दरमहा 500 रुपये मिळत, नोव्हेंबर 2024 पासून 1000 मिळतात. हा त्याचा हक्क आहे. त्याशिवाय 2022 पासून कुणीही निक्षय मित्र होऊन रोग्याला पोषण आहाराची टोपली देऊ शकतो. योजना चांगली आहे. पण टोपली देतानाचे फोटो आपण पाहतोच: मध्ये टोपली, एका बाजूस हसणारे चार-पाच जण आणि दुसऱ्या बाजूस खाली बघणारा एक माणूस. कर्णा वाजवून दान करणाऱ्यांविषयी प्रभूने काय सांगितले ते संत मत्तयच्या सहाव्या अध्यायात आहे. तिथे देणाऱ्याच्या आत्म्याची काळजी आहे. आम्हाला त्या खाली बघणाऱ्याचीही वाटते. आपल्या खेड्यात क्षयाचे नाव अजून कुजबुजत घेतात. लग्नाची मुलगी घरात असेल तर तो फोटो त्या घराला महागात पडू शकतो. तो नाही म्हणू शकतो, पण टोपली समोर असताना नाही म्हणणार कसा?

कुणी म्हणेल, फोटो पाहून इतर चार जण पुढे येतात. येत असतील. होलबोल यांच्या शिक्क्यावरही चित्र होते, पण ते राणीचे होते, रोग्याचे नव्हते.

दिवाळीनंतर आपली किती घरे ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि होळीला परततात, हे सांगायला नको. क्षयाचे औषध साधारण सहा महिने चालते. गावातली टोपली त्यातले काही महिने अशा घरी जाते जिथे कुलूप असते. तिकडे पडावावर त्या माणसाला कोण काय देते, त्याचा फोटो कुणी काढत नाही.