पंच हौदाचा चहा, गोल बाजारच्या कपबशा

रायपूरच्या गोल बाजारात बारशापासून तेराव्यापर्यंत लागणारं सगळं मिळतं, असं इथली जुनी माणसं सांगतात. एका बाजूला पूजेचं सामान, दुसरीकडे लग्नाचं, मध्येच जडीबुटी, पुढे भांडी. मुलांनी यंदा घरी 'राणीच्या काळातला चहा आणि नाटक' करायचं ठरवलं, तेव्हा आत्या त्यांना घेऊन थेट तिथेच गेली. लेसची किनार मिळाली, खोट्या मोत्यांच्या माळा मिळाल्या. भांड्यांच्या एका दुकानात अगदी वरच्या फळीवर, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या निळ्या फुलांच्या कपबशाही निघाल्या. आत्याने त्या एकेक करून उजेडात धरल्या, कडेवरून बोट फिरवलं, आणि मगच भाव विचारला.

विलायतेच्या राणीचा काळ म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर लंडन येतं. पण तो काळ आपल्याकडेही होताच. 1854 मध्ये नागपूरकर भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं आणि त्याबरोबर छत्तीसगडही इंग्रजी अमलाखाली आलं. भोसल्यांच्या अमदानीत इकडे आलेली मराठी घरं मात्र इथेच राहिली, इथलीच झाली. आणि नाटक म्हणाल, तर आपलं संगीत नाटक त्याच काळातलं. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' 1880 मधलं, 'सौभद्र' 1882 मधलं. म्हणून मुलांना म्हटलं, परकं प्रहसन कशाला शोधता, 'सौभद्र'च करा. त्या काळी भाऊराव कोल्हटकर सुभद्रा होत. आमच्याकडे भाचीने कृष्ण केला आणि यतीच्या वेषातल्या अर्जुनाला असा नाचवला, की समोर बसलेल्यांचा चहा हातातच राहिला.

चहा मात्र नाटकापेक्षा उशिरा आपला झाला. आसामात मळे होते, पण पीक जायचं विलायतेला. इथल्या घराघरात तो पोचला विसाव्या शतकात, चहा कंपन्यांनी नेटाने प्रचार केला तेव्हा. त्याआधी चहा ही साहेबाची गोष्ट होती, आणि तो कुणाच्या हातचा प्यायचा, हा तर फार मोठा प्रश्न होता.

किती मोठा, ते पुण्याने पाहिलं आहे. ऑक्टोबर 1890 मध्ये पंच हौदच्या ख्रिस्ती मिशनमध्ये शहरातली प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला जमली. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली. काहींनी चहा घेतला, काहींनी यजमानांचा मान राखायला पेला नुसता हातात घेऊन खाली ठेवला. पुढे गोपाळराव जोश्यांनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी, हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली. मग ग्रामण्य, बहिष्कार, शंकराचार्यांकडे तक्रार, चौकशी. रानड्यांनी अखेर 1892 मध्ये प्रायश्चित्त घेतलं. स्वतःला पाप वाटलं म्हणून नव्हे, तर बहिष्काराने गांजलेल्या स्नेह्यांसाठी. रमाबाई रानड्यांना ते किती लागलं, हे त्यांच्या आठवणींत वाचायला मिळतं.

मला या हकिकतीत सगळ्यात जास्त बोचतो तो न प्यालेला चहा. समोरच्याने प्रेमाने पुढे केलेला पेला हातात आहे, त्याची ऊब बोटांना लागते आहे, आणि उद्या लेकीचं लग्न कोण जमवील, श्राद्धाला भटजी येतील का, या धास्तीने तो ओठांपर्यंत जात नाही. ती माणसं भित्री नव्हती. समाज त्यांच्या चुलीपर्यंत पोचलेला होता.

मुलांच्या नाटकाच्या संध्याकाळी आमच्या अंगणात सतरंजीवर शेजारच्या बंगाली काकू होत्या, भावाचे छत्तीसगढी मित्र होते, मुलीच्या वर्गातली ख्रिस्ती मैत्रीण आपल्या आईला घेऊन आली होती. कडा कापलेल्या काकडीच्या सँडविचशेजारी आईने हट्टाने साबुदाणेवडे ठेवले, आणि आधी संपले ते वडेच. चहा त्या मैत्रिणीच्या आईने गाळला. आले घालू का, एवढंच तिने विचारलं. आत्या म्हणाली, "भरपूर घाल गं बाई." आत्याच्या आजीच्या घरी सोवळं कडक होतं, परक्याच्या हातचं पाणीसुद्धा चालत नसे. ती आजी वाईट नव्हती, असं आत्या नेहमी सांगते, आणि मला ते पटतं. म्हणूनच आल्याच्या त्या चहाचं मला इतकं अप्रूप वाटलं.

लेस आणि मोती मुलांनी डब्यात भरून ठेवले आहेत. पुढच्या खेळाआधी रमाबाईंच्या पुस्तकातला पंच हौदाचा भाग सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा, असं ठरलं आहे. आत्या वाचणार आहे. चष्म्याचा नंबर वाढलाय, चष्मा त्याआधी बदलून घ्यायचा आहे.