घर कोणी सोडायला सांगावे?



वरसे-रोह्याच्या भागात घरभेटीला जातो तेव्हा आम्हाला मोठ्या घरात दोनच म्हातारी माणसे दिसतात. मुले मुंबई-पुण्याला. जिना चढवत नाही, पावसाळ्याआधी घर शाकारायला कोणी नाही. मग मुले म्हणतात, “हे विका, लहान घर घ्या.” असे सांगावे का?

अब्राहामाने हारान सोडले तेव्हा तो ७५ वर्षांचा होता. म्हातारपणी घर सोडण्यात गैर काही नाही. पण तो देवाच्या हाकेने निघाला, कोणी ढकलले म्हणून नव्हे. येशूने क्रुसावरून आपली आई शिष्याच्या स्वाधीन केली. शिष्याने तिला आपल्या घरी नेले. तिच्या मालमत्तेचा हिशेब शुभवर्तमानात कुठेच नाही.

म्हणून आपण सुचवावे, सामान उचलायला हात लावावा. निर्णय मात्र त्यांचाच असावा. आणि ज्येष्ठांनो, घर मुलांच्या नावे केलेत तर सांभाळण्याची अट बक्षीसपत्रात लिहून घ्या. ती मोडल्यास २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार बक्षीसपत्र रद्द करून घेता येते. यात अविश्वास नाही, शहाणपण आहे.

आज घरी गेल्यावर आईवडिलांना एवढेच विचारू या : तुम्हाला कुठे राहावेसे वाटते? आणि त्यांचे बोलणे संपेपर्यंत ऐकू या.