सूर्य मावळेपर्यंत

उज्जैन स्टेशनाबाहेर पाऊल ठेवले की रिक्षावाले यादी म्हणायला लागतात. महाकाल, हरसिद्धी, गढकालिका, भर्तृहरी गुंफा, कालभैरव, मंगलनाथ, सांदीपनी आश्रम, सिद्धवट. चार तासांत सगळे दाखवतो म्हणतात. तुमच्या हाताशी एक संध्याकाळ आणि एक सकाळ आहे असे धरू. यादी शांतपणे ऐकून घ्या आणि फक्त रामघाट सांगा. चारच्या सुमारास घाटावर पोहोचा आणि अंधार पडेपर्यंत उठू नका.

हा सल्ला मुळात कालिदासाचा आहे. मेघदूतातला यक्ष ढगाला रामगिरीहून उत्तरेकडे अलकेला धाडतो. विरहात त्याला एकेक दिवस जड झालेला, तरी तो ढगाला सांगतो, वाट वाकडी झाली तरी चालेल, पण उज्जयिनी चुकवू नकोस. महाकालापाशी भलत्या वेळी पोहोचलास तरी सूर्य दिसेनासा होईपर्यंत थांब. संध्याकाळच्या पूजेत तुझ्या गडगडाटाचा नगारा वाजू दे. रात्री पारवे निजलेल्या एखाद्या गच्चीवर विसावा घे आणि सूर्य उगवला की पुढच्या रस्त्याला लाग. उज्जैनच्या एका मुक्कामाचा इतका जुना आणि इतका नेमका बेत दुसरा मला माहीत नाही. रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक असे आपण मानतो, तेव्हा हा ढग आपल्याच मुलखातून निघालेला. चिंतामणराव देशमुख, कुसुमाग्रज, बा. भ. बोरकर, शांता शेळके अशा अनेकांनी ते काव्य मराठीत आणले. त्यातले एखादे पिशवीत असू द्या. घाटावर मात्र उघडू नका.

आता बसा. अगदी शेवटच्या पायरीवर नको, तिथे शेवाळ असते. चार-पाच पायऱ्या वर, दगड थोडा तापलेला असेल अशा जागी. पाय खालच्या पायरीवर टेकू द्या, हात मांडीवर सैल सोडा. रामघाट नदीच्या पूर्वेच्या काठावर आहे, त्यामुळे तोंड आपोआप पश्चिमेला होते. समोरच्या तीरावर दत्त आखाडा दिसतो. सूर्य त्याच बाजूला उतरणार आहे आणि त्याला अजून अवकाश आहे.

पहिली काही मिनिटे मन जागेवर येत नाही. परतीच्या गाडीची वेळ आठवेल, महाकालाच्या रांगेचा हिशेब सुरू होईल, आपण इथे बसून काहीतरी चुकवतो आहोत असे वाटेल. वाटू द्या. त्याच्याशी भांडू नका. श्वास आत येतो आहे, बाहेर जातो आहे, एवढे लक्षात असले तरी पुरे. मग घाटावरच्या आवाजांतला एकच निवडा. कोणी तांब्यातून पाणी सोडत असेल, कुठल्यातरी छोट्या देवळातली घंटा वाजली असेल, कोणी नावाडी गिऱ्हाईक बोलावत असेल. तो आवाज पूर्ण विरेपर्यंत त्याच्यामागे जा. मग दुसरा निवडा. थोड्या वेळाने निवडायची गरज राहत नाही.

डोळे पाण्याकडे वळवा. क्षिप्रा इंदूरजवळच्या टेकड्यांत उगम पावते आणि माळव्याच्या पठारावरून उत्तरेकडे जात चंबळेला मिळते. हिच्या मागे हिमालय नाही. पावसावर जगणारी नदी ही, उन्हाळ्यात आटत जायची. म्हणून २०१४ साली नर्मदेचे पाणी नळांतून सुमारे साडेतीनशे मीटर वर चढवून क्षिप्रेच्या उगमाजवळ, उज्जैनी नावाच्या गावी सोडायला सुरुवात झाली. तुम्ही ओंजळीत घ्याल त्या पाण्यात पुष्कळदा नर्मदाही असते. घाटावर तुमच्यासारखीच दुरून आलेली. थोडे वरच्या अंगाला, त्रिवेणीपाशी, इंदूरचे सांडपाणी वाहून आणणारी कान्ह नदी हिला मिळते. ती वळवण्यासाठी मोठी कामे झाली, तरी क्षिप्रेचे दुखणे पुरते गेलेले नाही. पाण्यावर कुठे तवंग दिसला, निर्माल्य अडकलेले दिसले, तर नजर फिरवू नका. तेही पाहा. ज्या नदीपुढे हात जोडायचे तिची प्रकृती आपल्याला ठाऊक असावी, असे मला मनापासून वाटते.

मग घाटावरच्या लहान देवळांकडे बघा. भिंतींवर पाण्याने ओढलेल्या रेषा शोधा. पावसाळ्यात पूर आला की ही देवळे पाण्याखाली जातात, कधी नुसती शिखरे वर राहतात. जवळच पलीकडे जायचा ठेंगणा पूल आहे, त्याला इथले लोक छोटी रपट म्हणतात. तोही पुरात बुडतो. पाणी ओसरले की चिखल काढायचा, पायऱ्या धुवायच्या, देवांना पुन्हा शेंदूर, पुन्हा फुले. आता ज्या दगडावर तुमचा तळहात टेकला आहे तो किती वेळा नदीच्या पोटात जाऊन आला असेल, याचा विचार थोडा वेळ करा. हात तिथेच असू द्या.

याच घाटावर एक छत्री आहे, राणोजी शिंद्यांच्या नावाने ओळखली जाणारी. साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचे राणोजी बाजीराव पेशव्यांबरोबर माळव्यात आले आणि उज्जैन त्यांचे ठाणे झाले. १७४५ साली शुजालपूरला ते वारले. इल्तुतमिशाने तेराव्या शतकात फोडलेले महाकालाचे देऊळ पुन्हा उभे राहिले ते त्यांच्याच काळात, आणि ते काम उभे करणारे होते त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर. जवळजवळ पाचशे वर्षांचा खंड पडलेला होता. कोकणी मुळाच्या शेणवी घरातला हा मुत्सद्दी, समुद्रापासून इतक्या लांब, ज्या देवळाचे वैभव कोणा जिवंत माणसाने पाहिलेले नव्हते ते पुन्हा उभे करायला बसला. आज त्या शिखराचा फोटो घेणाऱ्यांपैकी किती जणांना हे नाव माहीत असेल? मराठी माणसाने तरी घाटावर बसून ते एकदा मनात घ्यावे.

उज्जैनचा सिंहस्थही राणोजींशी जोडला जातो. त्यांनी नाशिकचे साधू इकडे बोलावले आणि मेळा भरू लागला, असे सांगतात. गुरू सिंह राशीत आला की दोन्हीकडे सिंहस्थ. नाशिकला सूर्यही सिंहेत लागतो, उज्जैनला तो मेषेत लागतो, म्हणून तिथे श्रावण-भाद्रपद आणि इथे चैत्र-वैशाखाचे ऊन. २०१६ नंतरचा इथला सिंहस्थ २०२८ मध्ये येतो आहे. त्या वेळी याच पायऱ्यांवर वैष्णव आखाडे स्नान करतील आणि समोर दत्त आखाड्याच्या बाजूला शैव. आज तुम्हाला हात पसरून बसता येते आहे, हे भाग्यच समजा.

१८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी दरबार ग्वाल्हेरला हलवला. राजधानी गेली, पण सगळी माणसे तिच्यामागे गेली नाहीत. पुढे बायजाबाई शिंद्यांनी भर बाजारात गोपाळ मंदिर बांधले, ते आजही गजबजलेले आहे. चाकरीसाठी आलेली, दोन-चार वर्षांच्या हिशेबाने आलेली मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिली. अशाच एका मराठी घरातले गजानन माधव मुक्तिबोध, ज्यांच्या लहानपणाचा काही काळ या गावात गेला, हिंदीतले थोर कवी झाले आणि त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीतले. घाटावर कानावर पडणाऱ्या माळवी बोलण्यात मध्येच एखादे मराठी वाक्य ऐकू आले तर वळून बघा, बोला. ‘तुम्ही इकडचेच का?’ एवढे विचारले तरी गप्पा सुरू होतात.

कोणी तीर्थपुरोहित जवळ येऊन गाव विचारेल. घाईने नाही म्हणू नका. इथल्या पुरोहितांकडे यजमानांच्या वंशावळींच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या असतात. आपले मूळ गाव, आडनाव, आजोबा-पणजोबांचे नाव सांगा. कदाचित काही सापडणार नाही. सापडले, तर तुमच्या घरात कोणाच्याही आठवणीत नसलेला एक प्रवास त्या कागदावर असेल. रामाने दशरथाचे श्राद्ध इथे केले अशी श्रद्धा आहे, म्हणून हा रामघाट; पितरांसाठी येणारे लोक वर्षभर असतात. पूजा करायची नसेल तरी चालेल. जी माणसे तुमच्या आधी कधी इथवर येऊन गेली असतील, किंवा यायचे म्हणत राहिली आणि आली नाहीत, त्यांची नावे सावकाश मनात घ्या. दोन नावांमध्ये एक श्वास जाऊ द्या.

उन्हाचा रंग बदलला असेल. घड्याळ बघायचा मोह झालाच, तर बघा, पण एक गोष्ट ध्यानात ठेवून. भारताची प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची. उज्जैन त्याच्या पश्चिमेला, पावणेशहात्तर अंशांवर. म्हणजे इथला सूर्य तुमच्या मनगटापेक्षा सुमारे २७ मिनिटे मागे चालतो. जुन्या भारतीय ज्योतिषात मात्र शून्य रेषाच उज्जैनवरून काढलेली होती आणि देशभरातली गावे आपले अंतर इथून मोजत. पूर्वी ज्या गावावरून सगळ्यांची वेळ लागे, त्याच गावाची खरी वेळ आज कोणत्याच घड्याळात दिसत नाही. समोरच्या सूर्याकडे बघताना ती २७ मिनिटे मोकळी समजा. ती तुमच्या यादीतल्या कशाचीच नाहीत.

या मोकळ्या वेळात एका उज्जैनकराची आठवण करावी असे मला वाटते. विष्णु श्रीधर वाकणकर १९५७ साली गाडीने भोपाळकडे चालले होते. खिडकीतून लांबवर खडकांची रांग दिसली. असे खडक आपण स्पेन-फ्रान्समध्ये पाहिले आहेत, हे त्यांच्या मनात आले आणि ते उतरून तिकडे गेले. भीमबेटकाची चित्रे जगापुढे आली ती अशी. त्या मार्गाने रोज किती गाड्या जात होत्या! पाहण्यासारखे खूप असते, हे आपण सगळेच म्हणतो. वाकणकर एका गोष्टीपाशी थांबले. समोरच्या काठावरची एकच वस्तू निवडा. एखादी कमान, एखादे झाड, पाण्यात उभा असलेला माणूस. सूर्य टेकेपर्यंत तिच्यावरच नजर ठेवा. उजेड उतरत जाईल तशी ती तीनदा-चारदा वेगळी दिसेल.

मग आरती. पुरोहित ओळीने उभे राहतात, शंख वाजतो, घंटा सुरू होतात, थरांच्या मोठ्या दीपारत्या नदीकडे फिरू लागतात. माणसे पटापट पुढे सरकतील, फोन वर जातील. तुम्ही बसलेलेच राहा आणि ज्वाळांऐवजी पाण्यातल्या त्यांच्या उजेडाकडे बघा. द्रोणातला दिवा सोडायचा असेल तर द्रोण पानांचाच आहे ना ते बघून घ्या आणि तो पाण्यावर ठेवताना कोणाचे तरी नाव घ्या. आपल्याकडे संकल्पात गोदावरीच्या तीराचा उच्चार होतो, इथला पुरोहित क्षिप्रेच्या तीराचा करतो. आज तुमचा पत्ता हाच.

आरती संपल्यावर गर्दीबरोबर लगेच उठू नका. ती ओसरली की सावकाश चढून हरसिद्धीला जा, चालत थोडक्या वेळाची वाट आहे. अंगणात दोन उंच दीपमाळा आहेत, जेजुरी-तुळजापूर पाहिलेल्या माणसाला ओळखीच्या वाटतील अशाच, मराठा काळातल्या. दिवे लावणारी माणसे हातापायांनी वर चढत जातात आणि खालून वरपर्यंत ज्योती पेटवत नेतात. मान दुखेपर्यंत बघण्यासारखे काम आहे ते. नंतर कुठेतरी दाल-बाफले खा, तूप नको म्हणू नका.

सकाळी ढगासारखे निघण्याआधी दोन गोष्टी जमतील. गल्लीतल्या गाडीवर वाफेवरचे पोहे, वर शेव आणि जिरावण, सोबत गरम जिलेबी. उभ्यानेच, पण एकेक घास चावून. आणि जंतरमंतर. माळव्याची सुभेदारी असताना सवाई जयसिंगाने ही वेधशाळा बांधली, १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी ती दुरुस्त करवली आणि गोविंद सदाशिव आपटे यांच्यासारखा गणिती तिचा अधीक्षक झाला. सम्राट यंत्रावर सावली कुठल्या रेषेवर आहे ते बघा, मग मनगटाकडे. ऋतूप्रमाणे काही मिनिटे इकडेतिकडे होतील, पण कालची ती मोकळी मिनिटे इथे दगडावर वाचता येतात. मुले बरोबर असतील तर त्यांनाच वजाबाकी करू द्या. त्यांना फार मजा येते.

मंगलनाथ, सिद्धवट, कालभैरव राहून गेले. राहू द्या. पुन्हा याल तेव्हा सोमवार धरून या. महाकालाची पालखी सवारी श्रावणातल्या सोमवारी निघते, रामघाटावर येते, क्षिप्रेच्या पाण्याने पूजा होते आणि गोपाळ मंदिरावरून ती परत फिरते. उत्तरेकडचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. सवारी मात्र तिकडचा श्रावण संपल्यावरही भाद्रपदाच्या पहिल्या पंधरवड्यात चालू असते, आणि तो पंधरवडा म्हणजे आपल्या पंचांगातला श्रावण वद्य. दोन्हीकडचा श्रावण त्यात येतो. पुराची आणि गर्दीची धास्ती असेल, तर कार्तिक-मार्गशीर्षातही सोमवारच्या सवाऱ्या असतात. मी तरी कार्तिकच सुचवेन. त्यातही वैकुंठ चतुर्दशीला जमले तर मध्यरात्रीपर्यंत जागे राहा: महाकालाची सवारी गोपाळ मंदिरात जाते, हराची बिल्वमाळ हरीला आणि हरीची तुळस हराला वाहिली जाते. खोली महिनाभर आधी सांगून ठेवा आणि त्या दिवशीही दुपारी चारला घाटावर या.