पाणी उतरलेच नाही तर

दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉन व तिच्या उपनद्यांच्या काठी वर्षातून कित्येक महिने पाण्यात उभी राहणारी अरण्ये आहेत. काळ्या पाण्याच्या नद्यांकाठच्या अशा रानाला तेथे इगापो म्हणतात. त्यात हिपोक्नेमॉइडीस ह्या प्रजातीचे पक्षी राहतात. रंग करडा, आकार चिमणीहून लहान. त्यांच्या जाती दोनच. एक मुख्यतः ॲमेझॉनच्या उत्तरेस, दुसरी दक्षिणेस. पाण्यावर झुकलेल्या फांद्यांतून किडे व कोळी टिपावेत, एवढाच त्यांचा संसार. ते पिकाची नासाडी करीत नाहीत आणि कोणाच्या उपयोगीही पडत नाहीत. मग त्यांचे आपण काही देणे लागतो काय?

हा प्रश्न रिकामपणाचा नाही. ब्राझीलमध्ये उआतुमां नदीवर बालबिना धरण बांधले गेले. 1987 साली त्याचे दरवाजे बंद झाले. मानाउस शहराला वीज हवी होती, आणि ही गरज खोटी नव्हती. परंतु 250 मेगावॉट क्षमतेसाठी सुमारे 2,360 चौरस किलोमीटर प्रदेशावर पाणी पसरले. वायमिरी-अत्रोआरी आदिवासींच्या भूमीचाही काही भाग बुडाला. धरणाच्या खालच्या अंगाला पाण्याच्या चढउताराची लय बिघडली. उंच भागात पूर पोहोचेना. सखल भागात पाणी उतरेना. महिनोन्‌महिने पाण्यात तग धरणारी इगापोतील झाडे पाण्यातच मेली. पालवीतले किडे टिपणाऱ्या पक्ष्याने वाळलेल्या खोडावर काय टिपावे?

कोणी म्हणेल, "ह्या पक्ष्यांच्या दोन्ही जाती दूरवर पसरलेल्या आहेत, त्या नष्ट होण्याच्या वाटेवर नाहीत. मग हळहळ कशाला?" हे म्हणणे खरे आहे, पण अपुरे आहे. जातीला भूक लागत नाही. भूक लागते ती त्या फांदीवरच्या एका पक्ष्याला. एखादे गाव उठले असता "तालुका तर शाबूत आहे" असे कोणी म्हटले, तर त्याला आपण काय म्हणू?

धरणे बांधूच नयेत असे आम्ही म्हणत नाही. आमच्याही घरातला दिवा कोठल्या तरी अडवलेल्या पाण्यावर लागतो, आणि तो आम्ही विझवून बसलेलो नाही. म्हणूनच दगड उचलण्याचा आम्हांला अधिकार नाही. पण हिशेब मागण्याचा आहे, आणि तो प्रथम स्वतःकडे. गरज आणि नुकसान तोलताना, ज्याला तक्रार करता येत नाही त्याच्या नावापुढे आपण शून्य मांडतो. ते शून्य सोयीचे असते, खरे नसते. बालबिनात तसे शून्य पक्ष्यापुढे मांडले गेले, झाडापुढे मांडले गेले, आणि माणसालाही ते चुकले नाही. एकदा मुक्या जिवाचे नुकसान न मोजण्याची सवय लागली की दुबळ्या माणसाचे नुकसान न मोजणे सोपे जाते.

वाचकहो, उपयोग पाहून किंमत ठरवायची तर म्हातारपणी आपलीही किंमत कोण करील? तो लहानसा करडा पक्षी आपल्याकडे काही मागत नाही. वर्षाच्या वर्षाला पाणी चढावे आणि वेळेवर उतरावे, एवढेच त्याला पुरते. तेवढे आपल्या हिशेबात धरणे हे आपले कर्तव्य आहे, असे आम्हांस वाटते.