कागदाची डबी आणि देणारे हात

नाताळच्या तयारीच्या बैठकीत यंदा एका साध्याशा विषयावर बराच वेळ गेला. गरजू कुटुंबांना दरवर्षी आपल्या धर्मग्रामातर्फे जो फराळ दिला जातो, तो या वेळी प्लास्टिकच्या पिशवीत न देता हाताने केलेल्या कागदी डबीत द्यावा आणि सोबत हाताने केलेले एक भेटकार्ड ठेवावे, अशी सूचना तरुणांनी मांडली. बहुतेकांनी माना डोलावल्या. मात्र मागच्या रांगेतून एका ज्येष्ठ बंधूंनी विचारले, "क्रॉफर्ड मार्केटजवळच्या घाऊक बाजारात तयार खोकी ढिगाने मिळतात, दिसायलाही जास्त देखणी असतात. मग या कागदांच्या घड्या घालण्यात जाणारे तास आजाऱ्यांच्या भेटीगाठींना का देऊ नयेत? डबी हाताची आहे म्हणून आतल्या करंजीची चव बदलते का?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे सरळ उत्तर त्या बैठकीत कोणालाच देता आले नाही. म्हणून तो आज आपणा सर्वांसमोर ठेवतो आहोत.

आधी डबीविषयी थोडेसे. ज्यांनी कधी केली नसेल त्यांना वाटते की हे फार कौशल्याचे काम आहे. तसे नाही. चौरस कागद घ्यायचा, चारही कोपरे मध्यबिंदूवर आणून दुमडायचे, मग समोरासमोरच्या कडा पुन्हा मध्यावर आणायच्या, उलगडायचे आणि पडलेल्या रेषांवरून भिंती उभ्या करायच्या. डिंक नको, कात्री नको. तीस सेंटिमीटरच्या चौरसातून साधारण साडेदहा सेंटिमीटरची डबी होते, म्हणजे पाच-सहा करंज्या नाहीतर ओंजळभर कलकल मावतील एवढी. झाकणाचा कागद अर्धा सेंटिमीटर मोठा घ्यावा, नाहीतर झाकण बसत नाही. जाड कागद नीट दुमडत नसेल तर शाई संपलेल्या रिफिलने पट्टीच्या आधाराने आधी रेघ ओढून घ्यावी, म्हणजे घडी स्वच्छ पडते. तळाशी बटर पेपरचा तुकडा हवाच. तळलेल्या पदार्थाचे तूप कागदातून बाहेर आले की सगळ्या मेहनतीवर डाग पडतो.

कागद कोणता घ्यावा, यावरही मते पडली. जुन्या कॅलेंडरची पाने उत्तम, कारण ती जाड असतात आणि फुकट असतात. कोणाला हातकागद वापरायचा असेल तर तोही मिळतो. आपल्या महाराष्ट्राला हातकागदाची जुनी परंपरा आहे. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचे नावच त्या धंद्यावरून पडले आहे. पुण्यात शिवाजीनगरला १९४० साली महात्मा गांधींच्या प्रेरणेने हातकागदाची संस्था सुरू झाली. तिथे झाडाच्या लाकडापासून नव्हे तर सुती कापडाच्या कातरणांपासून कागद बनतो. चिंध्या बारीक करायच्या, पाण्यात कुटून त्यांचा लगदा करायचा, तो जाळीच्या चौकटीवर उचलायचा, दाबून पाणी काढायचे आणि वाळवायचे. शिंप्याने टाकून दिलेल्या चिंधीवर उद्या कोणीतरी शुभेच्छा लिहिते, ही गोष्ट आम्हांला तरी फार आवडते. चमकीबद्दल मात्र आमचे मत कडक आहे. ती प्लास्टिकची असते, नाताळ सरला तरी चटईच्या विणीत महिनाभर राहते आणि तिच्यामुळे कागद रद्दीतही धड जात नाही.

आता मूळ प्रश्न. हाताने केलेली भेट अधिक मोलाची असते, असे आपण सहज म्हणतो. का बरे? पहिले उत्तर येते ते वेळेचे. पैसा पुन्हा मिळवता येतो, गेलेला तास मिळत नाही, म्हणून ज्याने तास दिला त्याने आपल्या आयुष्याचा तुकडा दिला. ऐकायला हे गोड लागते, पण थोडे थांबून पाहावे. पहाटे पाचची विरार लोकल पकडणारी आणि रात्री आठला घरी येऊन चूल पेटवणारी बहीण डबी कधी करणार? ती वाटेत बेकरीतून केक घेते आणि शेजारी नेऊन देते. वेळ हेच प्रेमाचे माप मानले, तर तिचे प्रेम कमी भरले असे म्हणावे लागेल. मग ज्याच्याकडे सवड जास्त तो अधिक प्रेमळ ठरेल! अलीकडे काही घरांत हाताने केलेल्या वस्तूंचीही चढाओढ लागते. कोणाच्या कार्डावर किती कलाकुसर, कोणाच्या डबीला कसली रिबन. दुकानातल्या महागड्या भेटीचा दिखाऊपणा टाळायला निघालेले आपण दुसऱ्या दाराने तोच दिखाऊपणा घरात घेतो. तेव्हा वेळेचे उत्तर पुरे पडत नाही.

गंमत अशी की नाताळचे छापील भेटकार्ड जन्माला आले तेच मुळी वेळ वाचवण्यासाठी. १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल नावाच्या गृहस्थांकडे शुभेच्छांची इतकी पत्रे येत की प्रत्येकाला हाताने उत्तर लिहिणे त्यांना जमेना. त्यांनी जॉन कॉलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून चित्र काढून घेतले आणि त्याच्या सुमारे हजार प्रती छापल्या. तीन वर्षांपूर्वी, १८४० साली, इंग्लंडात एका पेनीत पत्र पाठवण्याची सोय झाली होती, त्यामुळे ही कल्पना पुढे फोफावली. कार्डाची किंमत होती एक शिलिंग, म्हणजे मजुराच्या आवाक्याबाहेरचीच. त्या कार्डाच्या मध्यभागी मेजावर बसलेले सुखी कुटुंब प्याले उंचावताना दिसते, आणि त्यात एका लहान मुलालाही वाइन पाजत आहेत म्हणून त्या काळी बरीच टीका झाली. पण दोन बाजूंना दोन लहान चित्रे आहेत, तिकडे फारसे कोणी पाहत नाही. एकीकडे भुकेल्याला अन्न देत आहेत, दुसरीकडे उघड्याला वस्त्र. पहिल्याच नाताळकार्डावर गरिबांना जागा मिळाली, ती कडेला.

मग हातात काय वेगळे असते? आम्हांला वाटते, फरक तासांचा नाही, लक्षाचा आहे. छापील कार्ड शंभर जणांना एकच चालते. हाताने करायला बसलो की 'कोणासाठी?' हा प्रश्न टाळता येत नाही. अमक्या आजींना मोतीबिंदू आहे, तर अक्षरे मोठी काढावीत. तमक्या घरात साखरेचा त्रास आहे, तर डबीत कलकलांऐवजी शेंगदाणे आणि खारे काही भरावे. त्या घरात यंदा मृत्यू झाला आहे, तर लाल-सोनेरी कागद नको, साधा पांढरा घ्यावा आणि 'आनंदी नाताळ' असे न लिहिता 'तुमची आठवण आहे' एवढेच लिहावे. घडी घालताना तो माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. बेकरीतून केक घेणारी बहीणही 'त्यांच्याकडे अंडे चालत नाही' म्हणून बिनअंड्याचा केक निवडते, तेव्हा तिने हेच केलेले असते. आणि उलट, गप्पा मारत पन्नास डब्या एका दमात करून टाकल्या, कोणासाठी याचा विचारही मनाला शिवला नाही, तर त्या हाताच्या असूनही कारखान्याच्याच समजाव्यात.

देण्याविषयी संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात फार मार्मिक विचार मांडला. पवित्र आत्म्याला 'दान' हे नाव का, याची चर्चा करताना ते ॲरिस्टॉटलचा आधार घेऊन म्हणतात की खरे दान परतफेडीच्या अपेक्षेने दिलेले नसते, त्यामागचे कारण प्रेम असते. म्हणून आपण दुसऱ्याला सर्वांत आधी देतो ते प्रेमच, वस्तू नंतर येते. याच्या उलट बाजूने मार्सेल मॉस या फ्रेंच अभ्यासकाने १९२५ साली लिहिले. अनेक समाजांतील देवाणघेवाण अभ्यासून त्याने दाखवले की भेट कधी पूर्ण मोकळी नसते. द्यावे लागते, घ्यावे लागते आणि परत करावे लागते. एक जण भेट कशी असावी ते सांगतो, दुसरा ती प्रत्यक्षात कशी असते ते. आपल्या गावात दोन्ही खरे आहे. शेजारणीकडून नाताळच्या फराळाचे ताट आले तर ते रिकामे परत पाठवायचे नाही, निदान चार केळी किंवा साखर घालून पाठवायचे, हे आपल्या आयांनी आपल्याला शिकवले. आणि हिंदू शेजाऱ्यांकडून दिवाळीला आलेल्या ताटाची परतफेड नाताळला होते, हेही. यात हिशेब आहे, पण तो कंजूष हिशेब नाही. नाते चालू आहे, एवढे तो सांगतो.

इथेच आमच्या मते बैठकीतल्या प्रश्नाचे खरे बोट आहे. आपण ज्या घरांना डबी देणार, ती घरे ताट परत कसे करणार? वर्षानुवर्षे त्यांची नावे यादीत आहेत. दरवर्षी दार वाजते, पिशवी हातात येते, फोटो निघतो (तो निघू नये असे आम्हांला मनापासून वाटते) आणि दार बंद होते. ज्याला फक्त घ्यावेच लागते, त्याची मान हळूहळू खाली जाते. डबी जितकी सुंदर, जितकी मेहनतीची, तितके हे ओझे जड. बाजारची पिशवी निदान निनावी तरी असते! हाताने केलेल्या वस्तूची ही बाजू आपण कधी विचारात घेत नाही.

या ठिकाणी एका मुलीची गोष्ट सांगावीशी वाटते. दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातल्या एका उद्ध्वस्त गावाला युनिसेफकडून मदत पोहोचली. यित्का साम्कोव्हा या सात वर्षांच्या मुलीने आभार म्हणून एक चित्र काढले. कागद नव्हता, म्हणून काचेवर काढले. उन्हात उंच खांबाभोवती नाचणारी मुले, असे ते चित्र. १९४९ साली युनिसेफने ते कार्डावर छापले आणि ते त्यांचे पहिले भेटकार्ड ठरले. पुढे कित्येक वर्षे अशा कार्डांच्या विक्रीतून जगभरच्या मुलांसाठी पैसा उभा राहिला. मदत जिच्या गावाला मिळाली होती, तीच देणारी झाली.

तोंडाने आणि पायाने चित्रे काढणाऱ्या कलावंतांची संघटनाही अशीच. पोलिओमुळे हातांतली शक्ती गमावलेले चित्रकार एरिक स्टेगमन यांनी १९५६ साली काही सहकाऱ्यांसह ती स्थापन केली. त्यांची कार्डे आपल्याकडेही अनेक घरांत टपालाने येतात. त्यांचा आग्रह एवढाच की कार्ड दयेपोटी घेऊ नका, चित्र आवडले तर घ्या. किती स्वाभिमानी अट आहे ही! मंदिरातल्या दानपेटीत दोन नाणी टाकणाऱ्या विधवेची आठवण होते. ती स्वतः मदतीस पात्र होती. तरीही प्रभू येशूने तिला 'तू राहू दे' असे म्हटले नाही, तिचा देण्याचा हक्क काढून घेतला नाही. उलट शिष्यांना बोलावून तिच्याकडे पाहायला सांगितले.

तेव्हा डब्या कराव्यात का, यापेक्षा त्या कोणी कराव्यात, हा प्रश्न आम्हांला मोठा वाटतो. मेजाच्या एका बाजूला देणारी मंडळी घड्या घालत आहेत आणि घेणारे आपापल्या घरी दार वाजण्याची वाट पाहत आहेत, अशी रचना असेल तर बाजारातली खोकी आणलेली बरी, निदान आजाऱ्यांकडे जायला वेळ मिळेल. पण यादीतल्या घरांतील माणसेही त्याच मेजाशी बसून डब्या करणार असतील, तर गोष्ट वेगळी. त्यांच्यापैकी कितीतरी जणींच्या हातांत आपल्यापेक्षा अधिक कला आहे. वर्षभर शिलाईकाम करणारीला कागदाची घडी शिकवायची आपल्याला गरज नाही, तीच आपल्याला शिकवील. त्यांनी केलेल्या डब्या आपल्या घरी येऊ देत आणि आपल्या त्यांच्या घरी जाऊ देत. नेताना कोणाच्या घरी कोणाची डबी गेली, याची नोंद ठेवू नये.

एक शंका उरते. हाताने केलेले कार्ड नाताळनंतर टाकून द्यावे की नाही? कोणाचे मन दुखावेल म्हणून कपाटात ढीग साठवणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. आमचे मत असे की घेणाऱ्याला मोकळीक असावी. कार्ड जपावेसे वाटले तर बायबलमध्ये खूण म्हणून ठेवावे, नाहीतर रद्दीत घालावे. त्याची पुढची डबी होईल. देताना ज्याच्यावर लक्ष गेले त्याच्यावर ते जाऊन चुकलेले असते. कागद जपला काय, टाकला काय, त्यात काही बदलत नाही.

फादरांनी दोन्ही रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर शाळेचे खालचे दालन उघडे ठेवायला परवानगी दिली आहे. यादीतल्या कुटुंबांना बोलावणे मात्र चिठ्ठीने नको, घरी जाऊन करावे, आणि 'मदतीला या' असेच सांगावे. जुन्या कॅलेंडरांसाठी दाराशी खोके ठेवले आहे. प्रभूची व संतांची चित्रे असलेली पाने कृपया आधी वेगळी काढावीत. ती दुमडून त्यांत करंज्या भरणे काहींना रुचणार नाही. सोबत पट्टी आणि संपलेल्या दोन-तीन रिफिली आणाव्यात.